भाषणावर लिहिताना : आरंभ आणि अखेर

आपल्या महाराष्ट्राला भाषणं ऐकण्याची हौस जुनी आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्यानंतर गावोगावच्या व्याख्यानमाला आल्या, गणेशोत्सवातली व्याख्यानं आली, जयंत्यांच्या सभा, संमेलनांची अध्यक्षीय भाषणं आणि निवडणुकीच्या सभा तर आहेतच. सभेहून परतताना आपण सोबतच्या माणसाला म्हणतो, ‘काय बोलला हो आज!’ त्यानं विचारलं, ‘काय बोलला?’ तर आपण विषय सांगतो. पण त्यानं पुढे विचारलं, ‘कसं बोलला? तुम्ही नेमके कुठे हललात, आणि कशामुळे?’ तर मात्र बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

याचं एक कारण असं, की कवितेचं रसग्रहण आपण शाळेपासून करतो, भाषणाचं मात्र फारसं करत नाही. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत हा अभ्यास नेमानं करून घेतात. विद्यार्थ्यांपुढे एखादं गाजलेलं भाषण ठेवतात. लिंकन यांचं १८६३ सालचं गेटिसबर्गचं, किंवा मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३ सालचं वॉशिंग्टनचं. आणि सांगतात, हे भाषण श्रोत्यावर काम कसं करतं ते लिहा. तिकडे शिकायला गेलेली आपली मुलं, आणि इथल्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांतली मुलं, असे निबंध लिहितात. मी कविता लिहितो म्हणून यातली ओळखीची काही मुलं मला विचारतात, ‘चाचा, मधला भाग जमतो. पण सुरुवात कशी करायची? आणि शेवट?’ 

प्रश्न मुलांचा असला तरी उत्तर आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. म्हणून आज त्यावरच बोलतो.

आधी हा निबंध म्हणजे काय ते नक्की करू. भाषणाचा सारांश लिहिला की विश्लेषण झालं असं नाही. वक्त्याचं म्हणणं आपल्याला पटलं की नाही, हा प्रश्नही वेगळा. वाटीतली आमटी चाखून ‘छान झालीय’ म्हणणारे पुष्कळ असतात. एखादी सुगरणच सांगते, ‘फोडणी वरून दिलीय, म्हणून लसणाचा वास असा उभा राहिलाय.’ काय केलं आणि त्यामुळे काय झालं, हे दोन्ही तिनं एका वाक्यात सांगितलं. भाषणाचं विश्लेषण करणाऱ्यानं हेच करायचं असतं. वक्त्यानं काय केलं, कुणासमोर केलं, कशासाठी केलं, आणि त्यामुळे काय घडलं.

या कामाची हत्यारं फार जुनी आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला. त्यात ऐकणाऱ्याला पटवण्याचे तीन मार्ग सांगितले : वक्त्याच्या व्यक्तित्वाबद्दल वाटणारा विश्वास, श्रोत्याच्या मनात जागी होणारी भावना आणि बोलण्यातला युक्तिवाद. ग्रीक भाषेत यांना इथॉस, पेथॉस आणि लोगॉस म्हणतात. मुलं ही तीन नावं पाठ करतात आणि तिथेच फसतात. कारण ही तीन नावं जवळजवळ प्रत्येक भाषणाला लागू पडतात. जे सगळ्यांना लागू पडतं, त्यानं एकाची ओळख पटत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण निवडलं आहे. संविधान सभेत, घटना मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी ते इंग्रजीत केलं. मराठीतही ते सहज वाचायला मिळतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी त्याची वाट थोडक्यात सांगतो.

भाषण सुरू होतं ते आकड्यांनी. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली, त्याला आता २ वर्षं, ११ महिने आणि १७ दिवस झाले. सभेची ११ सत्रं भरली, कामाचे १६५ दिवस झाले, त्यातले ११४ दिवस मसुद्यावर विचार करण्यात गेले. मसुदा समिती १४१ दिवस बसली. ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. वेळ फार लागला, असा आरोप होत होता. आंबेडकर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या घटनांना किती काळ लागला ते सांगून त्याला उत्तर देतात. नझीरुद्दीन अहमद नावाच्या सभासदानं मसुदा समितीच्या इंग्रजी नावात एक अक्षर बदलून तिला ‘वाहवत चाललेली समिती’ केलं होतं. त्या कोटीलाही ते हसत उत्तर देतात. वाहणं लाटांवर हुकमत ठेवून असेल तर ते दूषण नव्हे, अशा अर्थाचं. मग ते श्रेय वाटतात. आपल्याला मिळणारं श्रेय खरं तर घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचं आहे, मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचं आहे, असं नावं घेऊन सांगतात. विरोध करणाऱ्या सभासदांचेही आभार मानतात.

मग एक जागा येते. ते म्हणतात, की इथे मी थांबू शकलो असतो. पण देशाच्या भवितव्याच्या विचारानं मन इतकं भरलं आहे की आणखी काही बोललं पाहिजे. आणि भाषण वळण घेतं. हा देश स्वातंत्र्य पुन्हा गमावणार तर नाही? लोकशाही टिकवणार का? टिकवायची तर तीन गोष्टी करा, असं ते सांगतात. एक, मागण्यांसाठी घटनेनं दिलेलेच मार्ग वापरा. दोन, कुणाही थोर माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तीन, नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका. २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीत पाऊल ठेवणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. आणि अगदी शेवटी ते सांगतात, की स्वातंत्र्यानं आपली एक सबब संपवली. यापुढे काही बिघडलं तर इंग्रजांना दोष देता येणार नाही.

या भाषणावरच्या निबंधाचा पहिला परिच्छेद कसा असतो? निबंधस्पर्धांचे गठ्ठे मी वाचले आहेत. त्यात हमखास भेटणारा नमुना असा : ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार होते. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. ते थोर विद्वान आणि प्रभावी वक्ते होते. या भाषणात त्यांनी विश्वास, भावना आणि तर्क या तिन्हींचा प्रभावी वापर केला आहे.’

यात चुकीचं काहीच नाही. सगळं खरं आहे. तरीही ही सुरुवात झालेली नाही. कसं ओळखायचं? एक सोपी परीक्षा सांगतो. परिच्छेदातलं वक्त्याचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव काढा आणि तिथे दुसऱ्या एखाद्या मोठ्या वक्त्याचं घाला. नेहरूंचं घाला, लिंकन यांचं घाला. पदव्या तेवढ्या बदलतील. बाकी वाक्यं जागच्या जागी उभी राहिली, तर समजा की तुम्ही या भाषणाबद्दल अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. हात जोडून सुरुवात केली की मग तपासायचं कसं? ज्या भाषणात वक्ता स्वतः सांगतो की राजकारणात भक्ती नको, त्या भाषणावरचा निबंध आपण आरतीनं सुरू करतो. आदर मनात जरूर असावा. माझ्याही मनात आहे. पण त्या आदराचा उपयोग भाषण नीट वाचण्यासाठी करावा. या वक्त्याला तोच मान जास्त आवडला असता, असं हे भाषण वाचून मला वाटतं.

तर चांगल्या सुरुवातीत काय हवं? चार गोष्टी. पहिली, प्रसंग : भाषण कधी आणि कुठल्या घडीला झालं. दुसरी, श्रोता : समोर कोण बसलं होतं आणि ते काय ऐकायच्या अपेक्षेनं बसलं होतं. तिसरी, हेतू : वक्त्याला त्यांच्याकडून काय हवं होतं. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे तुमचा दावा. वक्त्यानं ते मिळवण्यासाठी नेमकी कोणती युक्ती केली, याबद्दल तुमचं स्वतःचं एक विधान, जे वाचून कुणी ‘कशावरून?’ असं विचारू शकेल. ‘भाषण प्रभावी आहे’ या विधानावर कुणी ‘कशावरून?’ विचारत नाही, नुसती मान डोलावतं. म्हणून तो दावा नव्हे.

या चार गोष्टी घालून तोच परिच्छेद पुन्हा लिहून बघू : ‘२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकर संविधान सभेत बोलायला उभे राहिले तेव्हा घटनेवरची चर्चा संपत आली होती आणि दुसऱ्या दिवशी ती मंजूर व्हायची होती. मतं मिळवण्यासाठी बोलण्याची गरज उरली नव्हती. अशा वेळी समारोपाची आणि अभिनंदनाची अपेक्षा असते. आंबेडकर ती पूर्वार्धात पुरी करतात. दिवस, बैठका आणि दुरुस्त्या यांचा चोख हिशेब ते देतात, श्रेय इतरांना वाटतात, आणि त्यातून आपल्या शब्दाबद्दल विश्वास मिळवतात. मग त्याच विश्वासाच्या बळावर ते श्रोत्यांकडे हिशेब मागतात : मिळालेलं स्वातंत्र्य आणि स्वीकारलेली लोकशाही तुम्ही कशी टिकवणार?’

यात ‘आधी हिशेब देणं, मग हिशेब मागणं’ हा दावा आहे. त्यावर वाद घालता येईल. कुणी म्हणेल, पूर्वार्धातले आकडे हे नुसतं टीकेला उत्तर आहे, त्याचा उत्तरार्धाशी संबंध नाही. छान. मग मला भाषणातून दाखवून द्यावं लागेल. निबंधाचा मधला भाग कशासाठी असतो ते आता आपोआप ठरलं. इथॉसचा एक परिच्छेद, पेथॉसचा एक, लोगॉसचा एक अशी खानावळीतली थाळी वाढायची गरज राहिली नाही. इथे आकडे, विश्वास आणि भावना एकाच ओळीत चालतात. आकड्यांनी विश्वास कमावला, आणि त्या विश्वासामुळेच उत्तरार्धातली काळजी मनाला भिडते.

आम्हा गझल लिहिणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची आहे. गझलेचा पहिला शेर, म्हणजे मतला. त्याच्या दोन्ही ओळींत काफिया आणि रदीफ येतात. पुढच्या शेरांत ते फक्त दुसऱ्या ओळीत येतात. मतला ऐकला की मुशायऱ्यातल्या श्रोत्याला कळतं, आता कान कुठे लावायचा. आणि कवीही बांधला जातो. एकदा काफिया जाहीर केला की पुढे सोयीसारखा बदलता येत नाही. निबंधाच्या सुरुवातीतला दावा हा तसा जाहीर केलेला काफिया आहे. तो वाचकाला दिशा देतो आणि लिहिणाऱ्याला भरकटू देत नाही.

हा दावा हातात असला म्हणजे वाचताना काय फरक पडतो, त्याचं एक उदाहरण देतो. स्वातंत्र्य पुन्हा गमावू का, हे विचारताना आंबेडकर इतिहासातली एक यादी देतात. सिंधवर महंमद बिन कासिमची स्वारी झाली तेव्हा राजा दाहिरच्या सेनापतींनी लाच घेतली. जयचंदानं महंमद घोरीला बोलावलं. शिवाजी महाराज लढत होते तेव्हा इतर मराठे सरदार आणि रजपूत राजे मोगल बादशहांच्या बाजूनं लढत होते. शिखांचं राज्य इंग्रज बुडवत होते तेव्हा त्यांचा प्रमुख सेनापती गप्प बसला. काही लोक या यादीतली दोन नावं उचलतात आणि बाकीचं खाली ठेवतात. माझं नाव माहीत असलेले काही सज्जन तर हा उतारा माझ्यासमोर वाचताना अडखळतात. अडखळायचं काही कारण नाही. प्रत्येक वाक्याचा कर्ता बघा. लाच घेणारे, बोलावणारा, दुसऱ्या बाजूनं लढणारे, गप्प बसणारा. स्वारी करणारा वाक्यात आहे, पण वाक्याचं मुख्य क्रियापद दर वेळी घरातल्या माणसाचं आहे. हिशेब मागितला आहे तो घरातल्यांकडे, म्हणजे समोर बसलेल्यांकडे आणि आपल्या सगळ्यांकडे. ‘हिशेब मागणारं भाषण’ हा दावा मनात नसता तर हे व्याकरण कदाचित नजरेतून सुटलं असतं.

तशीच गोष्ट आंदोलनांबद्दलच्या उताऱ्याची. सत्याग्रह, असहकार, कायदेभंग यांना आता सोडचिठ्ठी द्या, हे मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण आहे, असं ते म्हणतात. हे एवढंच वाक्य हल्ली मोबाइलवर फिरत असतं. कुठलंही आंदोलन सुरू झालं की पाठवणारे पाठवतात. पण त्याच उताऱ्यात, घटनात्मक मार्ग बंद होते तेव्हा या मार्गांना पुष्कळ समर्थन होतं, असंही म्हटलेलं आहे. आणि पुढे काही परिच्छेदांनी इशारा आहे, की विषमता लवकर दूर केली नाही तर ती सोसणारे लोक या सभेनं कष्टानं उभारलेली राजकीय लोकशाहीच उद्ध्वस्त करतील. म्हणजे हिशेब दोघांकडे मागितला आहे, रस्त्यावर उतरणाऱ्याकडे आणि खुर्चीत बसलेल्याकडेही. संपूर्ण भाषणाला कवेत घेणारी सुरुवात लिहिली, की एक वाक्य तोडून नेणाऱ्याला ते जड जातं.

आता शेवटाकडे येतो. गठ्ठ्यांमधला नेहमीचा शेवट असा असतो : ‘अशा प्रकारे डॉ. आंबेडकरांनी विश्वास, भावना आणि तर्क यांचा वापर करून श्रोत्यांना प्रभावित केले. हे भाषण आजही आपल्याला प्रेरणा देते. अशा या महामानवाला कोटी कोटी प्रणाम!’ याचीही एक परीक्षा आहे. हा परिच्छेद भाषण वाचण्याआधी लिहिता आला असता का? आला असता. मग मधली चार पानं लिहून आपण कुठे पोचलो? जिथून निघालो तिथेच.

शेवटच्या परिच्छेदानं एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं : ‘म्हणून काय?’ तुम्ही म्हणालात आधी हिशेब दिला, मग मागितला. ते दाखवूनही दिलंत. बरं, म्हणून काय? त्यानं भाषणाचा अर्थ कसा बदलला? ऐकणाऱ्यावर काय येऊन पडलं? ही युक्ती कुठे कमी पडते का? याचं उत्तर मधल्या भागाशिवाय देता येत नाही, म्हणून ते शेवटीच शोभतं.

ॲरिस्टॉटलनं भाषणाच्या अखेरीची चार कामं सांगितली आहेत. श्रोत्याचं मन आपल्या बाजूला आणि प्रतिपक्षाच्या विरुद्ध वळवणं, मुद्द्यांचं वजन कमीजास्त करणं, भावना जागवणं आणि झालेल्याची उजळणी करणं. आपण निबंधात फक्त चौथं काम करतो आणि दमून बसतो. निबंधाला पहिल्या आणि तिसऱ्याची गरज नाही, पण दुसऱ्याची नक्की आहे. सगळं सांगून झाल्यावर यातलं वजनदार काय ठरलं, ते तोलून सांगायला हवं. ॲरिस्टॉटल असंही म्हणतो, की शेवटाला जोडशब्द गाळलेली बांधणी शोभते, आणि त्यानं तो ग्रंथ खरोखरच चार सुट्या क्रियापदांवर संपवला आहे. 

आता आंबेडकरांचा शेवट याच्या शेजारी ठेवून पाहा. शेवटून तिसरं वाक्य लांबलचक आहे. वाटेतल्या वाईट गोष्टी ओळखायला उशीर करू नका, त्या दूर करायला कमी पडू नका, असं सांगणारं. त्यानंतर एक छोटं वाक्य : देशाची सेवा करण्याचा एवढाच मार्ग आहे. आणि शेवटचं वाक्य इंग्रजीत अवघ्या पाच शब्दांचं : याहून चांगला मार्ग त्यांना ठाऊक नाही. ना घोषणा, ना आशीर्वाद. हिशेबाच्या वहीत खाली रेघ मारावी तसं ते वाक्य आहे.

हे लक्षात घेऊन निबंधाचा शेवट असा करता येईल : ‘पूर्वार्धातले आकडे पहिल्या वाचनात कोरडे वाटतात. अखेरपर्यंत आल्यावर कळतं, की त्यांच्यावाचून ही अखेर उभी राहिली नसती. ज्यानं आलेल्या दुरुस्त्या एकेक मोजून सांगितल्या आणि स्वतःचं श्रेय दुसऱ्यांच्या नावावर मांडलं, त्यालाच सबबी संपल्या असं सांगण्याचा अधिकार येतो. म्हणून या भाषणातला विश्वास हा सजावटीचा भाग नाही, तो भांडवल आहे. या रीतीची एक मर्यादाही दिसते. हिशेब विचारल्यावर तो कुणी, कधी आणि कुठे द्यायचा, हे भाषण ठरवून देत नाही. विषमता दूर करा म्हणतं, मुदत देत नाही. कदाचित म्हणूनच ते त्या सभागृहात संपलं नाही. घटना दुसऱ्या दिवशी मंजूर झाली. हिशेब मात्र पुढच्या प्रत्येक वाचकाच्या नावावर येत राहिला.’

या परिच्छेदात सुरुवातीचा ‘हिशेब’ हा शब्द परत आला आहे, पण अर्थ वाढवून आला आहे. सुरुवातीला तो सभासदांकडे मागितला होता, शेवटी तो वाचकाच्या नावावर आला. सुरुवातीचा धागा शेवटी असा पुढे न्यावा. तोच शब्द तसाच परत आला तर उजळणी होते, थोडा बदलून आला तर वाचकाला वाटतं की आपण काही अंतर चाललो. आणि मर्यादा दाखवायला घाबरू नये. मर्यादा दाखवली म्हणजे अनादर झाला, ही समजूत सोडली पाहिजे. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, कवी स्वतःचं टोपणनाव गुंफतो. म्हणजे झालं ते माझं आहे अशी ग्वाही देतो. निबंधाच्या शेवटी लिहिणाऱ्यानं तशी आपल्या निष्कर्षाखाली सही करायची असते. ‘अशा प्रकारे’ ही सही नव्हे. दुसऱ्या कुणाचं सुभाषित चिकटवून संपवणं ही तर उसनी सही झाली.

विद्यार्थ्यांसाठी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी सांगतो. सुरुवात आधी लिहायलाच हवी असा कायदा नाही. कच्च्या कागदावर फक्त दावा एका वाक्यात लिहा, मधला भाग लिहा, आणि मग सुरुवात पक्की करा. मधला भाग लिहिताना दावा हमखास थोडा सरकतो. सरकला तर सुरुवात बदला, पुरावा वाकवू नका. सुरुवात फार लांबवू नका. पाच-सहा वाक्यांत प्रसंग, श्रोता, हेतू आणि दावा बसतात. शेवटी नवा पुरावा आणू नका. तो मध्ये असायला हवा होता. आणि निबंध पुरा झाला की फक्त पहिला आणि शेवटचा परिच्छेद एखाद्या मित्राला मोठ्यानं वाचून दाखवा. त्याला मधलं वाचावंसं वाटलं तर काम झालं. ‘कळलं सगळं’ म्हणून तो उठला, तर पुन्हा बसा.

ज्यांना परीक्षा द्यायची नाही, अशा आपल्यासारख्यांना याचा काय उपयोग, असं कुणी विचारेल. आपल्या कानांवर रोज भाषणं पडतात. सभेतली, दूरदर्शनवरची, मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी येणारी. प्रत्येक भाषण आपल्याकडून काहीतरी मागत असतं. मत मागतं, राग मागतं, वर्गणी मागतं, कधी नुसती टाळी मागतं. ते काय मागतं आहे आणि त्याआधी त्यानं आपल्याला काय दिलं आहे, एवढं दोन वाक्यांत सांगता आलं तरी आपण पुष्कळ सावध होतो. हिशेब न देता हिशेब मागणारा वक्ता मग लगेच ओळखू येतो.

२०१५ पासून २६ नोव्हेंबर हा दिवस देशभर संविधान दिन म्हणून साजरा होतो. शाळांत उद्देशिकेचं वाचन होतं, ते व्हावंच. त्याच्या आदल्या संध्याकाळी घरात हे आदल्या दिवशीचं भाषण काढावं. मोठ्यांनी आणि मुलांनी आळीपाळीनं वाचावं, तासा-दीड तासाचं काम आहे. मग प्रत्येकानं दोनच परिच्छेद लिहावेत, एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा. मधली पानं कोरी राहिली तरी चालतील. आपला दावा आजोबांच्या दाव्याहून वेगळा आहे असं मुलीच्या लक्षात आलं, आणि दोघंही ‘कशावरून?’ म्हणत भाषणाची पानं उलटू लागले, की ती पानं आपोआप भरतील.